वाकळीचा घास

जुन्या जालन्यात कापडबाजाराच्या मागे एक अरुंद गल्ली आहे. दुपारच्या वेळी तिथल्या एखाद्या ओट्यावर चार बायका मांडीवर कापड घेऊन बसलेल्या दिसल्या, तर त्यांतली चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेली आणि सगळ्यांत जास्त बोलणारी ती कांताबाई, असं खुशाल समजावं. तिची सुई आणि जीभ बरोबरीनं चालतात. जीभ थांबली की सुईही अडते, म्हणून शेजारच्या साळूबाई तिला कधी गप्प बसू देत नाहीत.

कांताबाई मूळची मंठा तालुक्यातली, शेतकऱ्याच्या घरातली. नवरा मोंढ्यात हमाली करायचा. मुलगी तृप्ती आठवीत असताना तो दुखण्यात गेला. भाऊ न्यायला आला, तर कांताबाईनं त्याला पोटभर जेवू घातलं आणि एकट्यालाच परत पाठवलं. त्यानंतर तिनं घर चालवलं ते लोकांच्या वाकळी शिवून. वाकळ म्हणजे पुण्याकडे जिला गोधडी म्हणतात ती. हल्ली तिकडे म्हणे शोभेसाठी ती भिंतीवर टांगतात. कुणीतरी हे सांगितलं तेव्हा कांताबाईनं विचारलं होतं, "मंग पांघरत्यात काय, क्यालेंडर?"

तिची वाकळ मात्र पांघरायचीच. जुनी लुगडी, धोतरं, विटलेल्या चादरी एकावर एक अंथरायच्या, कडांना दगड ठेवायचे आणि बारीक धावदोरा घालत यायचं. सगळ्यात शेवटी एक कोपरा उघडा राहतो. तो बंद करायच्या आधी त्यात भाकरीचा छोटा तुकडा, स्वच्छ चिंधीत गुंडाळून, सरकवायचा. याला वाकळीला घास भरवणं म्हणतात. वाकळीचं पोट रिकामं राहिलं तर पांघरणाऱ्याला झोपेत भुकेची स्वप्नं पडतात, असं कांताबाईला तिच्या आईनं सांगितलं होतं आणि आईला आजीनं. यात खरं किती ते कुणी तपासलेलं नाही, कारण उपाशी वाकळ शिवून बघायची हिंमत त्या घरात कुणी केलीच नाही.

तर गेल्या दिवाळीनंतर एका दुपारी संध्या मॅडम गल्लीत आल्या. संध्या मॅडम जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात, विहाराच्या महिला मंडळाचं काम बघतात, आणि एकदा एखादी गोष्ट मनावर घेतली की ती तडीला नेईपर्यंत स्वतःही बसत नाहीत आणि दुसऱ्यालाही बसू देत नाहीत. दोन वर्षांपूर्वी त्या लुंबिनीला जाऊन आल्या होत्या. तिथल्या विहारातल्या भंतेजींचा त्यांना फोन आला होता. नेपाळच्या डोंगरात पावसाळ्याच्या शेवटी दरडी कोसळल्या, गावंच्या गावं खाली आली, लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहतायत आणि आता तिथं थंडी सुरू झालीय.

"संक्रांत तिकडंही असते, मावशी," संध्या मॅडम ओट्यावर टेकत म्हणाल्या. "माघी संक्रांत म्हणतात. आपल्यासारखेच तिळाचे लाडू खातात. मंडळातल्या बायकांनी ठरवलंय, या वर्षी आपलं संक्रांतीचं वाण तिकडं पाठवायचं. घरटी एक पार्सल. लोकरीची टोपी, साबण, ताटली, बायकांना बांगड्या, लेकरांना रंगाचे खडू. आणि एक पांघरूण. ब्लँकेट घ्यायला आमची ऐपत नाही. तुम्ही वाकळी शिवाल का?"

कांताबाईची सुई थांबली. साळूबाईंनी चमकून बघितलं.

"नेपाळ म्हंजे," कांताबाईनं विचारलं, "बहादूरचा नेपाळ?"

आता हा बहादूर कोण, ते सांगायला हवं. त्या गल्लीत कितीतरी वर्षं एक गुरखा होता. अंगानं किरकोळ, हसला की डोळे पार मिटून जाणारा, एका कानाची पाळी चिरलेली. हातात काठी, गळ्यात शिट्टी. त्याच्या आधीच्या गुरख्याला लोक बहादूर म्हणायचे, म्हणून यालाही बहादूर म्हणायला लागले. त्याचं खरं नाव कुणी विचारलं नाही आणि त्यानंही कधी सांगितलं नाही. रात्रभर तो कापडबाजार आणि गल्ली राखायचा, आणि उजाडलं की कुठं जाऊन झोपायचा तेही कुणाला नीटसं ठाऊक नव्हतं.

तृप्तीला नर्सिंगला प्रवेश मिळाला तो संभाजीनगरला. होस्टेलचा खर्च झेपणारा नव्हता. तेव्हा पहाटेची पहिली बस धरून जायचं आणि संध्याकाळी परत यायचं, असं मायलेकींनी ठरवलं. गल्लीपासून स्टँडापर्यंतचा रस्ता त्या वेळी अंधारा, कुत्र्यांचा आणि एका बंद गोदामाच्या कट्ट्यावर बसणाऱ्या टवाळांचा. कांताबाई पहिले काही दिवस सोबत गेली, मग तिला ताप भरला, आणि तृप्ती म्हणाली, "तू झोप, मी जाते मैत्रिणीसंगं." मैत्रीण वगैरे कुणी नव्हती. होता तो बहादूर.

त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पोरगी एकटी निघालेली बघून तो आपण होऊन पुढं चालू लागला. तिच्यापुढं थोडं अंतर ठेवून, काठी आपटत, प्रत्येक वळणावर एकदा शिट्टी मारून. एक शब्द बोलायचा नाही. स्टँडावर पोचला की खांबाजवळ उभा राहायचा आणि बस हलली की वळून निघायचा. नर्सिंगचा सगळा अभ्यासक्रम पुरा होईपर्यंत, थंडीत, पावसात, त्यानं हे केलं. कांताबाईला कळलं ते बऱ्याच दिवसांनी. तिनं त्याला गाठून विचारलं तेव्हा तो डोळे मिटून हसला आणि म्हणाला, "ड्यूटी खतम होता है, बाई. घूमने जाता है." तेव्हापासून सकाळी परत येताना त्याला तिच्या दारात गरम भाकरी आणि चहा मिळायचा. तो उंबऱ्याबाहेर उकिडवा बसून खायचा. आत ये म्हटलं तर काठी दाखवायचा, जणू काठीला आत यायची परवानगी नाही.

तृप्ती नर्स झाली, तिचं लग्न झालं, वडीगोद्रीचं सासर मिळालं. पुढं लॉकडाऊन आला आणि गेला. व्यापाऱ्यांनी बाजारात कॅमेरे बसवले. कॅमेरा झोपत नाही आणि भाकरी खात नाही, असा हिशोब करून गुरख्याला नको म्हणून सांगितलं गेलं. कांताबाई तेव्हा नातवाच्या बारशाला वडीगोद्रीला गेली होती. परत आली तर साळूबाईंनी सांगितलं, "तुमचा बहादूर गावाला गेला कायमचा. निरोप घ्याया आल्ता. कुलूप बघून हसला, कडी वाजवल्यागत केली अन् गेला."

कांताबाईनं त्या दिवशी स्वयंपाक केला नाही. ज्या माणसामुळं लेक धडपणे शिकली, तो दारात येऊन रिकाम्या हातानं गेला. त्याला शेवटचा घासही देता आला नाही, हे तिच्या मनातून कधी गेलं नाही. पत्र लिहावं तर नाव नाही, गाव नाही. उपकार मानायचे होते आणि मानायला माणूसच सापडत नव्हता.

म्हणून संध्या मॅडम नेपाळ म्हणाल्या आणि कांताबाईची सुई थांबली.

"शिवते," ती म्हणाली. "जितक्या लागतील तितक्या. अन् मजुरीचं नाव काढलं तर मी उठून जाईन."

"ओटा तुमचाच आहे, मावशी," संध्या मॅडम हसत म्हणाल्या. "फक्त एक ध्यानात ठेवा. सीमेवर तपासणी कडक असते. खायची कुठलीच वस्तू या गाडीतून जाणार नाही. तीळगूळसुद्धा नाही."

"बराबर हाय," कांताबाई म्हणाली, आणि ते तिनं मनापासून म्हटलं होतं.

मग गल्लीला दुसरा उद्योग उरला नाही. कापडाचे ठोक व्यापारी बद्रीनाथ शेठ, ज्यांना लोक बद्रीशेठ म्हणतात, त्यांनी दुकानातले कटपीस दिले आणि देताना इतकी कुरकुर केली की घेणाऱ्यालाच अपराध्यासारखं वाटावं. घराघरांतून जुनी लुगडी आली. साळूबाई, गल्लीतल्याच गिरिजाबाई आणि विहाराकडच्या कितीतरी जणी रोज दुपारी जमायच्या. कांताबाई कापडाचे थर लावून द्यायची, बाकीच्या धावदोरा घालायच्या, आणि शेवटचा कोपरा प्रत्येक वाकळीचा कांताबाईच्याच हातचा. घास तीच भरवायची. सकाळच्या भाकरीतला तुकडा तव्यावर कडक करून घ्यायचा, चिंधीत बांधायचा, कोपऱ्यात सरकवायचा आणि टाका घालताना ओठांतल्या ओठांत म्हणायचं, "बहादूरला पोचू दे." यांतली एखादी वाकळ त्याच्याच अंगावर पडेल इतकी काही ती भोळी नव्हती. त्याच्या डोंगरातल्या कुणाच्या तरी अंगावर पडेल, एवढं तिला पुरेसं होतं.

शिवून झालेल्या वाकळी विहाराशेजारच्या सभागृहात जात होत्या. तिथं पार्सलं बांधायचं काम जोरात चाललं होतं. ट्रक निघायच्या आदल्या दिवशी सकाळी संध्या मॅडमनी वरचा गठ्ठा उचलला, तर एका वाकळीचा कोपरा उंदरानं कुरतडलेला. बाकी सगळी वाकळ धड, आणि नेमका कोपराच गेलेला. त्यांनी दुसरी बघितली. तीही कोपऱ्यात कुरतडलेली. त्यांनी कोपरा चाचपला, आत काहीतरी टणक लागलं. कांताबाईला बोलावणं गेलं.

"हे काय आहे, मावशी?"

"घास हाय," कांताबाई सहज म्हणाली. "मेली उंदरं. मी आणखी दोन शिवून देते."

"घास म्हणजे?"

"भाकरीचा. वाकळीला भरवावा लागतो ना. तुमच्यात न्हाई भरवत?"

संध्या मॅडम मटकन खुर्चीत बसल्या. "सगळ्या वाकळींत आहे?"

"मंग! एकीला भरवून दुसरीला उपाशी ठेवील का मी?"

तेवढ्यात ट्रकची वेळ सांगायला बद्रीशेठ आले. प्रकार ऐकून त्यांनी डोक्याला हात लावला. "कांताबाई, गेल्या साली आमच्या पाहुण्याचा ट्रक लोणच्याच्या बरण्यांपायी अडकला व्हता. कागदावर न्हाई अन् गाडीत सापडलं, की समदा माल खाली उतरवत्यात. संक्रांत व्हऊन जाईल, शिमगा येईल, अन् वाकळी तिथंच ऱ्हातील. काहून केलं असं? खायचं काही न्हाई म्हणून सांगितलं व्हतं ना?"

"ते खायचं थोडंच हाय?" कांताबाई म्हणाली. "ते वाकळीचं हाय."

बद्रीशेठनी पुन्हा डोक्याला हात लावला. संध्या मॅडम मात्र उठल्या आणि कांताबाईजवळ आल्या. "मला पटतंय, मावशी. पण सीमेवरच्या त्या साहेबाला कोण पटवणार? शिवाय ट्रकात उंदीर लागले तर पोचेपर्यंत वाकळींची चाळण होईल. घास काढावे लागतील."

कांताबाईचा चेहरा उतरला. मग चढला. "मंग माझ्या वाकळी ऱ्हाऊ द्या. बाकीचं पाठवा. उपाशी वाकळ माझ्या हातून जायची न्हाई. बिलकुल न्हाई." आणि ती चप्पल घालून निघूनच गेली.

संध्या मॅडमना वाटलं असतं तर त्यांनी चार पोरींना कात्र्या देऊन तासाभरात काम उरकलं असतं. बद्रीशेठ तेच सुचवत होते. पण मॅडम म्हणाल्या, "शिवल्यात त्यांनी. उसवायच्या तर त्यांच्याच हातांनी." आणि त्या टोप्या मोजायला बसल्या. अशा माणसांचं आपण आयुष्यभर देणं लागतो, असं ही गोष्ट सांगणाऱ्याला वाटतं.

घरी येऊन कांताबाईनं तृप्तीला फोन लावला. तृप्ती आता सरकारी दवाखान्यात आहे. रात्रीची ड्यूटी संपवून ती नुकतीच घरी आली होती. कांताबाईनं सगळ्यांच्या नावानं खडे फोडले. उंदरांपासून सुरुवात केली आणि बद्रीशेठपर्यंत आली. तृप्तीनं ऐकून घेतलं.

"आई, एक सांगू? तू त्याला उजाडल्यावर बघायचीस. उन्हात, चहा पिताना. मी त्याला पहाटे बघितलंय. तुला ठाऊकाय, तो अंगात काय घालायचा?"

"खाकी स्वेटर व्हतं की त्याला."

"समोरून व्हतं. पाठीवर पार विरलेलं. आतला सदरा दिसायचा. डिसेंबरात तो चालताना खांदे असे वर ओढून घ्यायचा. मी त्याच्या मागं चालायचे ना, मला रोज तीच पाठ दिसायची. मी तेव्हा लहान होते गं, भीतीनं माझं मन बसकडं असायचं. एकदाही मला वाटलं नाही की याला काहीतरी पांघरायला द्यावं. आपल्या घरात वाकळींचा ढीग पडलेला असायचा." पोराला मांडीवर घेत तृप्ती म्हणाली, "भाकरी तू त्याला रोज दिलीस, आई. पोटानं तो कधी उपाशी गेला न्हाई आपल्या दारातून. थंडी मात्र त्याची तशीच ऱ्हायली."

कांताबाईच्या कानाशी फोन तसाच होता. पलीकडून नातवाचा आवाज येत होता, तो आईच्या हातातला फोन ओढत होता.

"ठेवते," ती शेवटी म्हणाली. "मला कात्री हुडकायचीय."

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती सभागृहात हजर. सोबत साळूबाई, गिरिजाबाई आणि एक रिकामी पितळी परात. कुणाशी काही न बोलता तिनं पहिली वाकळ ओढली, कोपऱ्याचे टाके उसवले, चिंधी काढली, घास परातीत ठेवला आणि कोपरा पुन्हा शिवून टाकला. पहिल्या दोन-तीन वाकळींना तिनं पदरानं डोळे पुसले. मग साळूबाई म्हणाल्या, "अगं बाई, बोल की काहीतरी, माझी सुई चालंना," आणि कांताबाई जी सुरू झाली ती बद्रीशेठच्या कटपीसच्या रंगांपासून गल्लीतल्या कॅमेऱ्यापर्यंत सगळ्यांचा उद्धार करत गेली. काम झपाट्यानं व्हायला लागलं. संध्या मॅडम शेजारी येऊन बसल्या आणि त्यांनीही सुई घेतली. त्यांचे टाके लांबलांब पडत होते. कांताबाईनं ते बघितलं, तोंड उघडलं, आणि मिटलं. तिच्या आयुष्यात असे प्रसंग फार आले नसतील.

दुपारी ट्रक लागला. माल चढवायला बद्रीशेठनी हमाल सांगितले होते, पण त्यांच्याआधी तीन-चार नेपाळी माणसं येऊन उभी राहिली. जालन्यात संध्याकाळी चायनीजच्या गाड्या लागतात, त्यांवर काम करणारी ही माणसं. आपल्या मुलखाकडं काहीतरी चाललंय हे त्यांच्या कानावर गेलं होतं. त्यांतला वयानं मोठा, पांढरट केसांचा, पुढं आला. त्यानं नमस्कार केला आणि गठ्ठे उचलायला सुरुवात केली.

कांताबाई त्याच्याकडं बघत राहिली. मग तिनं त्याला थांबवलं.

"आमच्या बहादूरला वळखतोस का रे बाबा? इथंच व्हता गल्लीत. कानाची पाळी चिरलेली. हसला की डोळे बंद व्हायचे."

जमलेले लोक हसले. कुणी म्हणालं, "नेपाळात निम्मे बहादूरच असतील, कांताबाई." तो माणूस हसला नाही. त्यानं गठ्ठा खाली ठेवला.

"नाम क्या था उनका, मावशी? गाव कौन सा?"

कांताबाईनं पदर तोंडाला लावला. गल्लीतल्या सगळ्यांच्या जन्मकुंडल्या तोंडपाठ असलेली ही बाई. कुणाच्या सुनेचं माहेर कुठलं, कुणाच्या म्हशीनं कधी दूध तोडलं, तिला सगळं ठाऊक. आणि ज्यानं तिची लेक पोचवली, त्याचं नाव तिला ठाऊक नव्हतं. तिला मनापासून लाज वाटली.

"इचारलंच न्हाई," ती म्हणाली. "कुणीच न्हाई इचारलं."

तो माणूस खाली बघत म्हणाला, "हमको भी सब बहादूरच बोलते इधर." त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. जालन्याची हवा गरम आहे, असं सांगावं तसं त्यानं ते सांगितलं.

"तुझ्या आईनं काय ठेवलं नाव?"

"खिमलाल."

"खिमलाल," कांताबाईनं म्हणून बघितलं. मग साळूबाईंकडं वळून म्हणाली, "खिमलाल हाय ह्याचं नाव." साळूबाईंनीही ते म्हटलं, गिरिजाबाईंनीही. तो माणूस गोंधळून तिघींकडं आळीपाळीनं बघू लागला.

माल चढला. वाकळी, टोप्या, ताटल्या, बांगड्यांची खोकी, सगळं ताडपत्रीखाली गेलं. संध्या मॅडमनी ट्रकच्या पुढच्या काचेवर हळदीकुंकू लावू दिलं, जरी त्यांच्या स्वतःच्या घरात ते नसतं. ट्रक विहाराच्या गल्लीच्या तोंडाशी अडकला, दोन रिक्षा मागं घ्याव्या लागल्या, भरपूर शिवीगाळ झाली आणि मग तो दिसेनासा झाला. बायका हात झटकत उभ्या राहिल्या. मधोमध परात होती. परातीत कडक झालेल्या घासांचा ढीग.

"चिमण्यांना टाकायचे का?" गिरिजाबाईंनी विचारलं.

"चिमण्यांच्या नावाचे हायेत का ते?" कांताबाई कडाडली. तिनं परात डोक्यावर घेतली. "चला समदे माझ्या घरी. ज्यांच्या अंगावर वाकळी पडणार, त्यांचा घास हाय हा. त्यांना देता येईना, मंग त्यांच्यासाठी आपण खायचा. वाकळ उपाशी न्हाई ऱ्हाणार."

संध्या मॅडमनी परातीत डोकावून बघितलं. दीड महिन्याची भाकरी, वर कापसाचे तंतू. "मावशी, पोटं बिघडतील."

"उकळून देते की. माझी लेक नर्स हाय, बिघडलं तर बघून घेईल."

तिनं घास एकेक निवडून घेतले, उंदरानं तोंड लावलेले बाजूला काढले. मोठ्या पातेल्यात तेल तापवलं, लसूण, जिरं, लाल मिरची, मूठभर शेंगदाणे टाकले, पाणी ओतलं आणि उकळी आल्यावर घास सोडले. शेजारच्या चुलीवर साळूबाई ताज्या भाकरी थापायला बसल्या, कारण एवढ्यानं काय होणार हे सगळ्यांनाच दिसत होतं. असा कुटका मराठवाड्यात घरोघरी होतो, शिळ्या भाकरीचं काय करायचं यावरचा तो सोपा उपाय. त्या दिवशी मात्र खोलीभर असा वास सुटला की कुरकुरत आलेले बद्रीशेठसुद्धा चप्पल काढून आत आले आणि भिंतीशी जागा धरून बसले.

खिमलाल आणि त्याचे सोबती उंबऱ्याबाहेर थांबले होते. ते तिथंच उकिडवे बसायला लागले, तशी कांताबाई पळी हातात घेऊनच बाहेर आली.

"उठ तिथून. आत ये."

"इधर ठीक है, मावशी."

"न्हाई ठीक. लई वर्सं एक जण तिथंच बसून खात ऱ्हायला, अन् मी बसू दिलं. आत ये म्हणते ना. खिमलाल, आत ये."

नाव घेतल्यावर तो उठला. आत येऊन त्यानं आजूबाजूला बघितलं आणि कुठं बसावं हे न कळून उभाच राहिला. कांताबाईनं खोलीतली एकुलती एक सतरंजी पसरली आणि त्याला मधे बसवलं. पहिली ताटली त्याच्यापुढं आली. बद्रीशेठच्याही आधी, मॅडमच्याही आधी. बद्रीशेठनी ते बघितलं आणि या खेपेला कुरकुर केली नाही.

खिमलालनं पहिला घास घेतला. तिखट होतं, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो खाली मान घालून खात राहिला. कांताबाई समोर बसून त्याच्याकडं बघत होती. तिला त्याचे आभार मानायचे होते. पण ज्या गोष्टीसाठी मानायचे ती यानं केली नव्हती, आणि ज्यानं केली तो कुठं होता, होता की नव्हता, हे सांगायला कुणी नव्हतं. तिला रडू आलं आणि तिनं ते लपवलं नाही. "खा," एवढंच ती म्हणत होती, "खा बाबा."

"तीन साल से इधर सबको खिला रहा हूँ मैं," खिमलाल मधेच थांबून म्हणाला. "बिठाके किसीने नहीं खिलाया."

संध्या मॅडमनी ताटलीतला कुटका उचलला, क्षणभर त्याच्याकडं बघितलं आणि खाल्ला. मग दुसरा घास घेतला. साळूबाई भाकरी थापता थापता नाक ओढत होत्या, ते धुरामुळं असं म्हणायला हरकत नाही.

खिमलालनं ताटली बोटानं पुसून स्वच्छ केली आणि जरा लाजत पुढं केली.

"और है क्या, मावशी?"

पातेल्यात तळाशी नुसती फोडणी उरली होती. वाकळींचे घास केव्हाच संपले होते. कांताबाईनं साळूबाईंच्या तव्यावरून वाफाळती भाकरी उचलली, हात भाजत असतानाही ती पातेल्यात कुस्करली, चांगली खालवर केली, आणि त्याची ताटली काठोकाठ भरली.

"लई हाय," ती म्हणाली. "तू सावकाश खा."